न फिटणारी उचल

दिवाळीच्या मागच्यापुढच्या पंधरवड्यात पेण तालुक्यात दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतात. गावातली मुलं किल्ला बांधायला घेतात. दगड, फुटक्या विटा, पोती रचायची, वरून चिखल थापायचा, उतारावर हळीव पेरायचं आणि माथ्यावर सिंहासन मांडायचं. मावळे, भालदार, तोफा, गवळण, भाजीवाली अशी मातीची चित्रं बाजारातून येतात. त्याच दिवसांत, भात झोडून झालं की, डोंगराकडच्या कातकरी वाड्यांवर टेम्पो येऊन उभे राहतात. गोधड्या, पातेली, कोंबड्या, कुत्रं, तान्हं मूल असा सगळा संसार वर चढतो आणि कुटुंबं वीटभट्टीला नाहीतर कोळशाच्या भट्टीला निघतात. आषाढ-श्रावणात घरात दाणा नसताना घेतलेली उचल आता फेडायची असते. माणसं परततात ती पावसाच्या तोंडावर. सुट्टी संपून शाळा भरते तेव्हा पटावर नाव असलेली काही मुलं वर्गात नसतात.

किल्ला हा आपल्याकडच्या मुलांचा इतिहासाशी खेळायचा हक्काचा खेळ आहे. बुरूज कुठे, चोरवाट कुठून, पाण्याचं टाकं कुठे, यावर होणारी भांडणं ऐकावीत. पुस्तकातल्या धड्याहून जास्त विचार त्यात असतो. पण त्या किल्ल्यावर एक माणूस कधीच नसतो. सतराव्या-अठराव्या शतकातल्या कागदांत वेठबेगार जागोजाग भेटते. गडाचं काम निघालं की आसपासच्या गावांनी माणसं द्यायची, लाकूड वाहायचं, गवत पोचवायचं, आणि हे सगळं बिनमोल. त्या वेठ्याचं चित्र बाजारात मिळत नाही. ते कुणी मागतही नाही.

आता इतिहासाचा खेळ अंगणातून फोनवर गेला आहे. हमरापूर, जोहे, कळवे या गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या गावांत कारखान्यातली पोरं जेवणाच्या सुट्टीत ज्या चपळाईने बंदुका चालवतात, ती पाहिली की हा बदल किती खोल गेला आहे ते कळतं. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीवर बंदी घातली. पाठोपाठ २६ जानेवारी २०२१ला ‘फौजी’ हा देशी खेळ आला आणि त्यात गलवानच्या खोऱ्यातली झटापट होती. त्या झटापटीला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. तिथे वीस भारतीय जवान गेले, हे सगळ्यांच्या स्मरणात ताजं होतं. तरीही अशा प्रसंगाचा खेळ करावा का, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कुणी विचारला नाही. शौर्याचा खेळ चालतो, हे आपण गृहीत धरलं आहे. यातनेचा खेळ चालेल का, एवढंच ठरायचं आहे.

माझं मत आधीच सांगतो. चालेल, आणि तो व्हायला हवा. पण जगात आजवर जे झालं ते बघितल्यावर काही अटी घालाव्या लागतात, आणि त्या अटी रायगड जिल्ह्यात बसून घालणं सोपं जातं. कारण इथे हा विषय केवळ इतिहासाचा राहिलेला नाही.

जगातला अनुभव आधी पाहू. अमेरिकेत शाळांसाठी खेळ तयार करणारी मेक नावाची मिनेसोटातली संस्था होती; तिचा ‘ऑरेगन ट्रेल’ एका पिढीने वर्गात खेळला. त्याच संस्थेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ‘फ्रीडम!’ आणला. खेळणाऱ्याने दक्षिणेतल्या मळ्यावरचा गुलाम व्हायचं आणि उत्तरेकडे पळून जायचं. हेतू चांगला होता. पण वर्गात काय झालं असेल ते ताडता येतं. चाळीस मुलांत चार कृष्णवर्णीय, बाकीचे हसत-खिदळत ‘गुलाम’ पळवतायत, आणि ज्यांच्या पणज्यांनी ते भोगलं ती चार मुलं मान खाली घालून बसलेली. पालक चिडले आणि १९९३मध्ये खेळ मागे घेतला गेला. हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण चूक फक्त पडद्यावर नव्हती. कोण कुणासमोर खेळतंय, याचा विचार झाला नव्हता.

डेन्मार्कच्या एका कंपनीने २०१३मध्ये गुलामांच्या व्यापारावर मुलांसाठी खेळ काढला. त्यात एका टप्प्यावर माणसांच्या आकृत्या टेट्रिससारख्या एकमेकांत बसवून जहाजाचं पोट भरायचं होतं. गुलामांना खरोखरच असं कोंबलं जात होतं, ते मुलांना कळावं, हा निर्मात्यांचा बचाव. २०१५मध्ये लोकांचा संताप उसळल्यावर तो भाग काढून टाकला. तो काढला हे योग्यच झालं. कोंबलं जाणं कळायला खेळणाऱ्याला आत ठेवावं लागतं. त्याला वरून तुकडे फिरवायला दिले की तो गुलामांच्या व्यापाऱ्याच्या जागी बसतो आणि तिथे बसून त्याला मजा येते.

उघड वाईट खेळांपेक्षा सभ्य खेळांनी केलेलं नुकसान मोठं आहे, असं मला वाटतं. ‘सिव्हिलायझेशन ४’ या २००५च्या गाजलेल्या खेळात गुलामगिरी हे राज्यकारभाराचं एक धोरण आहे. ते निवडलं की नगरातली थोडी लोकसंख्या खर्ची घालून बांधकाम लवकर उरकता येतं. खेळणाऱ्याला एक आकडा कमी झालेला दिसतो आणि एक इमारत उभी राहिलेली दिसते. ‘एज ऑफ एम्पायर्स ३’ची नवी आवृत्ती २०२०मध्ये आली तेव्हा ‘वसाहत युगा’चं नाव ‘व्यापार युग’ केलं आणि मळ्याला ‘इस्टेट’ म्हटलं. मळ्यावर राबणारे होते तसेच राबत राहिले. ‘प्वेर्तो रिको’ हा २००२चा जर्मन पटखेळ जगभर नावाजला गेला. त्यात तपकिरी रंगाच्या सोंगट्या जहाजातून उतरवून उसाच्या आणि निळीच्या मळ्यांवर मांडायच्या असतात आणि त्यांना नाव ‘वसाहतकार’. वीस वर्षांनी, २०२२मध्ये, प्रकाशकांनी नवी आवृत्ती काढून गोष्ट १८९७ सालात नेली, म्हणजे त्या बेटावरची गुलामगिरी संपल्यानंतरच्या काळात. तक्रार मिटली. पण गुलाम पुन्हा एकदा पटावरून गेला.

या सगळ्यांच्या उलट टोकाला ब्रेंडा रोमेरो या अमेरिकी खेळरचनाकार बाईंचं काम आहे. त्यांच्या मुलीने शाळेत गुलामांच्या अटलांटिक प्रवासाबद्दल शिकून आल्यावर ते पाठ केलेल्या उत्तरासारखं सांगितलं. आईने तिला लाकडी सोंगट्या दिल्या, त्यांना रंग देऊन कुटुंबं करायला सांगितली. मुलीने आईबाप, लेकरं अशी घरं मांडली. मग आईने मूठभर सोंगट्या उचलल्या आणि कागदाच्या जहाजावर ठेवल्या. कुठल्याच घरातली सगळी माणसं त्यात नव्हती. मुलगी म्हणाली, याची आई राहिली की. मग फासे पडत गेले, शिधा कमी होत गेला, आणि काय करायचं हे त्या लहान मुलीला ठरवावं लागलं. पुढे २००९मध्ये याच बाईंनी ‘ट्रेन’ हा पटखेळ केला. पिवळ्या सोंगट्या डब्यांत भरून गाडी पुढे न्यायची. पोचल्यावर पत्ता उलटला की मुक्कामाचं नाव कळतं, आउश्वित्झ. अनेकांनी पुढची खेळी करायचं नाकारलं. जिंकणं हातात आलं की ते नकोसं व्हावं, ही करामत नाटक किंवा कादंबरी इतक्या थेट करू शकत नाही.

खेळ हे मुळात नियमांचं माध्यम आहे. गोष्ट डोळ्यांतून पाणी काढते, चित्र थरकाप उडवतं. खेळ मात्र खेळणाऱ्याला नियमांच्या आत उभा करून विचारतो की आता तू काय करशील. आणि वेठबिगारी म्हणजे दुसरं काय? साखळदंड, चाबूक हे तिचे जुने अवशेष. तिचा खरा गाभा वहीत असतो.

वीटभट्टीवरचा हिशोब कसा चालतो ते पाहा. पावसाळ्यात मुकादम वाडीवर येतो. कुणाच्या घरी आजारपण, कुणाच्या पोरीचं लग्न, कुणाच्या घरात नुसतंच रिकामं मडकं. तो पैसे देतो. ते ‘अंगावर’ घेतले जातात. दिवाळीनंतर नवराबायकोची जोडी भट्टीवर जाते. चिखल तुडवायचा, साच्यात थापायचा, ओळी लावायच्या, सुकल्या की उलटवायच्या. उलटवायचं काम बहुतेक पोरांकडे, कारण त्यांचे हात हलके. मजुरी हजार विटांमागे, म्हणजे हजारी. आठवड्याला मीठ-मिरची-तांदळापुरती खर्ची मिळते, ती वहीत चढते. ताप आला, खाडा झाला, तोही चढतो. अवकाळी पाऊस पडून थापलेल्या विटा विरघळल्या तर त्या मोजणीत धरत नाहीत. शेवटी थापलेल्या विटांच्या पैशांतून उचल, खर्ची, खाडे वजा होतात. वही शेठकडे असते आणि मजुराला बहुधा वाचता येत नाही. काही उरलं तर हातात पडतं. न उरता उलट निघालं, तर ते अंगावर राहतं आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावं लागतं.

यातला प्रत्येक नियम सुटा पाहिला तर वाजवी दिसतो. पैसे घेतले, ते फेडायला नकोत? काम केलं नाही, त्याचे पैसे कसे मागायचे? शहरातल्या शिकलेल्या माणसाशी या विषयावर बोललं की तो हेच विचारतो, आणि त्याच्या मनात काही खोट नसते. त्याला नियम वेगवेगळे दिसतात, त्यांनी मिळून विणलेलं जाळं दिसत नाही. लेख लिहून ते दाखवणं अवघड आहे. मी आत्ता एका परिच्छेदात प्रयत्न केला, तो वाचकाने वाचला आणि पुढे गेला. पण हाच हिशोब खेळ म्हणून समोर आला तर? वाचक हुशार आहे. तो म्हणेल, मी खर्ची कमी घेतो, रोज शंभर विटा जास्त थापतो, खाडा करत नाही. मग मूल आजारी पडेल. मग पाऊस येईल. तो पुन्हा पहिल्यापासून खेळेल, आणखी काटकसर करेल, पोराला शाळेतून काढून ओळी उलटवायला लावेल. आणि मोसमाच्या शेवटी वही उघडली जाईल. स्वतःच्या अक्कलहुशारीने हा हिशोब सुटत नाही, हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या डावात बोटांना कळेल. ‘ही माणसं कष्ट करत नाहीत, पैसे जपत नाहीत’ हे वाक्य त्यानंतर त्याच्या तोंडून निघणं कठीण आहे.

हीच माझी पहिली अट. गुलामी हे खेळात वापरायचं साधन असू नये, तो खेळाचा नियम असावा आणि खेळणारा त्या नियमाखाली असावा. ‘असॅसिन्स क्रीड’ मालिकेतल्या ‘फ्रीडम क्राय’मध्ये आदेवाले नावाचा, पूर्वी गुलाम असलेला नायक हैतीच्या भूमीवर गुलामांना सोडवतो. २०१३ साली मोठ्या कंपनीने असा नायक पुढे आणला, हे धाडस खरंच. पण तिथेही सोडवलेल्या माणसांची संख्या वाढली की नवी हत्यारं खुली होतात. मुक्ती मिळालेला माणूस पुन्हा आकडा होतो, यावेळी मुक्तिदात्याच्या खात्यावर.

आपल्याकडचा असा खेळ कुठे सुरू होईल? मला तो कुंडलिकेच्या काठाने सुरू झालेला आवडेल. रोह्याला वळसा घालून ही नदी रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते, आणि त्या मुखाशी चौल. या बंदरात अरबस्तानातून घोडे उतरत, तसेच आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून विकत आणलेले हबशीही पश्चिम किनाऱ्याच्या अशाच बंदरांतून दख्खनमध्ये येत. मलिक अंबर त्यांतलाच. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला, हातोहात मालक बदलत निजामशाहीत आलेला हा माणूस पुढे त्या राज्याचा कर्ताधर्ता झाला, जहांगीरच्या फौजांना त्याने दमवलं आणि १६२६ साली मरेपर्यंत दख्खन राखली. रोह्यापासून डोंगर ओलांडला की मुरूड, आणि समोर पाण्यात जंजिरा. तिथल्या सिद्दींचे पूर्वजही याच वाटेने आले, आणि त्यांचं राज्य १९४८पर्यंत टिकलं.

आपल्या मनातल्या खेळात जंजिरा म्हणजे शेवटची, न जिंकता आलेली लेव्हल. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास समुद्रात भराव घालून वाट काढायला घेतली. उद्या कुणी हा खेळ केला तर तो तडाखेबंद होईल आणि मीही तो आवडीने खेळेन. पण त्या तटावर उभ्या असलेल्या सैनिकाला कुणीतरी आठव्या वर्षी आईपासून तोडून विकलं होतं, आणि त्याच किल्ल्यातून निघालेली गलबतं कोकणातल्या गावांतून माणसं धरून नेत होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. २०२५च्या ‘असॅसिन्स क्रीड शॅडोज’ने यासुकेला नायक केलं. हा आफ्रिकी माणूस १५७९मध्ये वालिग्नानो या जेझुइट पाद्र्याबरोबर जपानला पोचला आणि ओदा नोबुनागाच्या पदरी राहिला. त्याच्यावरून जगभर वाद झाला. आपल्याकडे असे यासुके शेकड्यांनी येऊन गेले, राज्यं चालवून गेले, आणि आपल्या खेळांत त्यांना चेहरा नाही.

आणि आपणही या हिशोबातून सुटत नाही. १६७७मध्ये कर्नाटकच्या मोहिमेवर असताना शिवाजी महाराजांनी डच व्यापाऱ्यांना जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात बायका-पुरुषांना गुलाम म्हणून विकत घेण्याला आणि बाहेर नेण्याला स्पष्ट मनाई केली. युरोपीय कंपन्या ज्या काळात माणसांनी गलबतं भरत होत्या, त्या काळातला हा कौल आहे; प्रत्येक मराठी मुलाला तो माहीत असायला हवा. पण त्यानंतरच्या शतकातले पेशवाईतले कागदही आपलेच आहेत. कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, बक्षीस दिल्या जात. बदकर्माचा आरोप ठेवलेल्या बाईला सरकारी दासी करून कोठीवर, पागेत, गडावर कामाला धाडलं जाई. १८४३च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामगिरीला असलेला कायद्याचा आधार काढून घेतला. माणसाची मालकी गेली, कर्जाची मालकी राहिली. ठाण्याच्या डोंगराळ भागात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. १९४५मध्ये गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर आणि वारली आदिवासी उभे राहिले तेव्हा कुठे ही प्रथा मोडायला लागली. देशभरासाठी कायदा यायला आणीबाणी उजाडावी लागली: आधी ऑक्टोबर १९७५चा अध्यादेश, मग १९७६चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा.

कौल दाखवणारा आणि कुणबिणीचं खरेदीखत लपवणारा खेळ मला नको. दोन्ही एकाच पेटीत सापडावीत.

दुसरी अट चरीच्या शेतकऱ्यांकडून घेतो. पेणहून वडखळमार्गे अलिबागला निघालं की वाटेत पोयनाड लागतं, आणि जवळच चरी. खोतांच्या जमिनी कसणारी इथली कुळं पिकाचा मोठा वाटा देऊन वर वेठही करत. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी, दिवाळी उलटून आठवडा झाला होता, तेव्हा नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवलं की खोताची जमीन कसायची नाही. हा संप जवळजवळ सहा वर्षं चालला. सहा पावसाळे शेतं पडीक राहिली. ज्याला भातशेतीशिवाय काही येत नाही, त्याने सहा वर्षं लाकूडफाटा विकून, खाडीत मासळी धरून, मिळेल ती मजुरी करून पोरं जगवायची आणि शेजारी फुटणार नाही यावर विश्वास ठेवायचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या लढ्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ला त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर.

खेळ करणाऱ्यासाठी यात सोनं आहे. बहुतेक खेळांत एकटा नायक सुटतो: हुशार, चपळ, निडर. गुलामगिरीवरच्या खेळात हा एकटा सुटणारा नायक फार अन्याय करतो, कारण मागे राहिलेले मग बावळट किंवा भित्रे ठरतात. चरीचा खेळ एकट्याने जिंकताच येणार नाही. तुम्ही कितीही तग धरा, विसाव्या गावातलं एक घर उपासमारीने खचून खोताकडे गेलं की तुमचा डाव डळमळतो. मग तुमच्याकडचे पायलीभर तांदूळ तुम्ही त्या घराला द्याल का? आणि काही न करणं, नांगर न उचलणं, हीच खेळी असलेला खेळ जगात फारसा झालेला नाही. पोलंडच्या ‘धिस वॉर ऑफ माइन’ने २०१४मध्ये वेढ्यात अडकलेल्या सामान्य माणसांचा खेळ केला, नायक नाही, बंदूकबाजीवर भर नाही, भर आहे तो भूक, थंडी आणि औषध कुणाला द्यायचं हा प्रश्न. २०२०मध्ये पोलंड सरकारने शाळांच्या वाचनयादीत त्याला जागा दिली. चरीवरचा खेळ त्या तोलाचा होऊ शकतो.

महाडबद्दल मात्र मला धास्ती वाटते. २० मार्च १९२७ला चवदार तळ्याचं पाणी प्यायल्यावर जेवायला बसलेल्या लोकांवर, ते आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार या अफवेने, गावातल्या जमावाने हल्ला केला. हा प्रसंग खेळात आला तर निर्माता म्हणेल, दोन्ही बाजू खेळता याव्यात. नाही. लाठी घेऊन अस्पृश्यांना बडवण्याचं बटण कुणाच्याही अंगठ्याखाली देता कामा नये. ते दाबणारे निघतील, त्याची चित्रफीत करतील, आणि ती कुठल्यातरी वस्तीतल्या पोराच्या फोनवर पोचेल. अत्याचाऱ्याच्या जागी खेळणाऱ्याला उभं करायचंच असेल तर ‘ट्रेन’सारखं करावं, कळल्यावर हात थांबेल असं. माझ्या मनात यासाठी मुकादम येतो. तो बरेचदा त्याच समाजातला असतो, त्याच्यावरही शेठची रक्कम असते, आणि जोड्या पुरवल्या नाहीत तर तो स्वतः अडकतो. त्याच्या जागी बसून आपल्याच मावशीच्या घरी उचल घेऊन जाणं, ही खेळी कुणालाही हसत करता येणार नाही.

इतकं झाल्यावरही एक शंका उरते, आणि ती खरी आहे. भोगलेल्या माणसांचं दुःख करमणुकीच्या वस्तूत घालावंच कशाला? याचं उत्तर आपल्याकडे नव्वद वर्षांपूर्वी दिलं गेलं आहे. १९३०च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी आंबेडकरी जलसे सुरू केले. पाणवठ्यावरचा अपमान, सावकाराची लबाडी, वेठीचं राबणं हे सगळं त्यांनी गाण्याबजावण्यात, सोंगांत, हशाटाळ्यांत मांडलं. तमाशाचाच साज होता. ज्यांच्यावर बेतलं होतं तेच रंगमंचावर उभे होते, त्यामुळे हसणं कुणावर आणि कशावर हे त्यांच्या ताब्यात राहिलं. करमणुकीचं माध्यम त्यांनी कमी प्रतीचं मानलं नाही. उलट लोक जिथे जमतात तिथेच गेले. आजची पोरं फोनवर जमतात.

म्हणून तिसरी अट माझ्यासाठी सर्वांत कडक: हा खेळ कातकरी पोरांना घेऊन व्हावा. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने चेक विज्ञान अकादमीबरोबर २०१७मध्ये ‘अटेंटाट १९४२’ केला तेव्हा इतिहासकार पहिल्या दिवसापासून सोबत होते आणि नाझी राजवट भोगलेल्यांच्या आठवणींवर संवाद बेतले होते. जर्मनीत खेळांमध्ये स्वस्तिक दाखवायला बंदी असल्याने तो तिथे विकता येईना. २०१८मध्ये त्या देशाने नियम बदलला आणि सिनेमाप्रमाणे खेळातही इतिहासासाठी अशी चिन्हं दाखवता येतील असं मान्य केलं. पुण्यात ‘राजी’सारखा देखणा खेळ २०२०मध्ये झाला आहे, म्हणजे कसब आपल्याकडे आहे. आश्रमशाळांत शिकलेली, वीटभट्टीवर बालपण गेलेली मुलंमुली आता महाविद्यालयांत आहेत. अवकाळीच्या रात्री प्लास्टिक कुठल्या ओळीवर आधी टाकायचं, बापाने वहीत अंगठा दिला तेव्हा शेठ काय बोलला, हे त्यांना माहीत आहे. त्यांना सल्लागार म्हणून एक दिवस बोलावून चहा पाजणं पुरणार नाही. श्रेयनामावलीत, मानधनात आणि नकाराधिकारात त्यांचा वाटा हवा. आणि हा खेळ वर्गात सक्तीने खेळवू नये, ‘फ्रीडम!’च्या वर्गातली मान खाली घातलेली मुलं मला इथल्या बाकांवरही दिसतात.

कातकऱ्यांकडे नायकही आहे. २५ सप्टेंबर १९३०ला उरणजवळ चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रहींवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पडलेल्यांत नाग्या महादू कातकरी होता. ज्या रानातल्या खैराचा कात काढून त्याच्या जमातीला नाव आणि पोट दोन्ही मिळालं, ते रान १८७८च्या वन कायद्याने राखीव केल्यावर ही माणसं भट्ट्यांकडे ढकलली गेली. नाग्या त्या रानासाठी गेला. किल्ल्यावर ठेवायला त्याचंही मातीचं चित्र कुणी घडवलं तर पेणला ते कठीण नाही.

राहतो खेळाचा शेवट. सोपा शेवट असा: तहसीलदार येतात, मुक्ती प्रमाणपत्र देतात, कर्ज कायद्याने रद्द होतं, संगीत वाजतं. १९७६चा कायदा तसं म्हणतोच. कर्ज मुळातून नाहीसं होतं आणि ते वेठीचं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर येते. सर्वोच्च न्यायालयाने १९८२च्या एशियाड मजुरांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणं म्हणजेच सक्तीची मजुरी, असं सांगून ठेवलं आहे. पण खेळ तिथे थांबला तर खोटा होईल. सुटलेलं कुटुंब वाडीवर परत येतं, आणि झोपडीखालची जमीन अनेकदा दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असते. २०१६च्या पुनर्वसन योजनेत मुक्त झालेल्या पुरुषाला एक लाख, बाईला आणि मुलाला दोन लाख, अतिशोषणाच्या प्रकरणात तीन लाख अशी तरतूद आहे. ताबडतोब हातात येते ती थोडी रक्कम, मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली. निकाल लागेपर्यंत दोन-चार आषाढ येऊन जातात. खेळणाऱ्याने ते आषाढ काढावेत: रेशन किती, मजुरी किती, पोराला ताप आला तर काय, आणि वाडीवर मुकादम पुन्हा आला, हातात नोटा घेऊन, तर त्याला काय सांगायचं.